बायनरीतले ‘११’ मोजताना या चुका टाळा

७ बायनरीत लिहा: १११. यात ‘११’ किती वेळा आलं? पहिला-दुसरा अंक एकदा, दुसरा-तिसरा एकदा, म्हणजे दोनदा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं मोजणीचं फंक्शन ‘काउंट’ मात्र १ सांगतं. एका जोडीत धरलेला अंक ते पुढच्या जोडीत घेत नाही. ही चूक चटकन सापडत नाही, कारण ३, ६, ११, १२, १३ यांची उत्तरं बरोबर येतात. घोळ ७, १४, १५ वर होतो. ० ते १५ ची बेरीज करा: खरी १२, ‘काउंट’ची ९. रुडिन-शापिरो अनुक्रमात ‘११’ सम वेळा आलं तर +१ आणि विषम वेळा आलं तर −१ लिहितात. तिथे ७ व्या पदाचं चिन्हच उलटं होऊन बसतं.

त्यापेक्षा संख्या एक घर उजवीकडे सरकवा, मूळ संख्येशी ‘अँड’ करा (दोन्हीकडे १ असेल तिथेच १) आणि उत्तरातले १ मोजा. १११ आणि ०११ चं ‘अँड’ ०११, म्हणजे दोन. स्ट्रिंग, म्हणजे अंकांची अक्षरओळ, हवी कशाला?

तरी स्ट्रिंगच वापरणार असाल तर संख्येची बायनरी स्ट्रिंग करणारं पायथनचं ‘बिन’ फंक्शन पुढे ‘०बी’ चिकटवतं, हे विसरू नका. ५ म्हणजे १०१, शून्य एकच. मोजणीत दोन येतात. नुसते १ मोजणाऱ्याला हे कधी कळतही नाही.

नमुन्यात शून्य आलं की आधी ठरवा: डावीकडची न लिहिलेली शून्यं धरायची का? १०१० मध्ये ‘०१’ एकदाच दिसतं, पण सरकवलेल्या संख्येतले ० आणि १ उलटवून मूळ संख्येशी ‘अँड’ केलं तर दोन येतात, कारण पहिल्या १ च्या आधीचं अदृश्य शून्यही जोडीला येतं. शून्याहून मोठ्या संख्येत १ वजा केला की भागतं. ‘००’ चं तसं नाही. तिथे किती घरं बघायची ते ठरवून मास्क, म्हणजे बाकीची घरं झाकणारी संख्या, लावावाच लागतो.

ऋण संख्या मुळात घेऊच नका. जावात −१ मधले १ मोजले तर ३२ येतात, पायथनमध्ये ‘बिन’वरून मोजले तर एक.

कोड तपासायला ० ते २५५ घ्या. आठ घरांत शेजारच्या जोड्या ७, आणि प्रत्येक जोडीत दोन्ही १ असलेल्या संख्या ६४. म्हणून ‘११’ एकूण ४४८ वेळा यायला हवं. काही जण ‘११’ अजिबात नसलेल्या संख्या मोजून तपासतात: १, २, ३, ४ घरांसाठी २, ३, ५, ८, म्हणजे मात्रावृत्तांच्या गणनेतल्या हेमचंद्राच्या ओळखीच्या संख्या. चाचणी देखणी आहे, पण ‘काउंट’ची चूक तिच्यातून बिनधास्त निसटते: ७ मध्ये ‘११’ एकदा मोजा की दोनदा, ‘अजिबात नाही’ असं काही ते ठरत नाही.