ओम्नी कापून घरी गाडी बांधताय? या चुका टाळा

इंदुरात घरी गाडी बांधणाऱ्यांची एक ठरलेली चाल आहे. जुनी ओम्नी विकत घ्यायची, रविवारी सकाळी चार मित्र गोळा करायचे आणि दिवेलागणीपर्यंत तिचा सांगाडा करून टाकायचा. फोटो काढायचे, सगळ्यांना पाठवायचे. पुढे वर्षभर अंगणातल्या सुट्या भागांवरून घरच्यांची बोलणी खायची.

ओम्नी निवडण्यात काही चूक नाही. इंजिन लांबीच्या दिशेने बसलेलं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही मिस्त्री डोळे मिटून खोलतो, आणि गाडी २०१९ पर्यंत बनत होती म्हणून सामानही मिळतं. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश गाडीच्या घाटाची उघडी दोनसीटर बांधायची तर जेमतेम पस्तीस हॉर्सपॉवरही पुरतात, कारण गाडी हलकी असते. घोळ होतो तो खोलण्याच्या घाईमुळे.

धावती गाडी न तपासता खोलणं

डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग वापरायचे ती, सुटी होण्याआधी जेवढं सांगते, तेवढं नंतर कुणी सांगत नाही. निदान पन्नास किलोमीटर चालवा. तिसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गियर निसटतो का, उतारावर डिफरन्शियल गुणगुणतं का, गरम झाल्यावर पंखा वेळेवर लागतो का, हे पाहा. कॉम्प्रेशन गेज लावा. तिन्ही सिलिंडरच्या आकड्यांत एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिनाचं काम आत्ताच धरून चाला. गाडी बांधून झाल्यावर तेच इंजिन पुन्हा उतरवायचं म्हणजे दुप्पट मेहनत.

मग धरमकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हे दोन आकडे वहीत लिहा, स्प्रिंग आणि ब्रेक ठरवताना लागतील. जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंतची उंची, इंजिन किती कलून बसलंय तो कोन, गियरबॉक्सच्या मागच्या टोकाचा कोन, हेही मोजून घ्या. ओम्नीत ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावर बसतो. तुमच्या गाडीत तो गियरबॉक्सच्याही मागे जाणार. गियर लिव्हरचं लिंकेज आणि स्टिअरिंगचा दांडा, दोन्हींचा मार्ग बदलणार. मूळ मार्ग कसा होता हे फोटोत नसेल तर नवीन मार्ग आखताना अंदाजपंचे काम होतं, आणि पहिला गियर मांडीत घुसतो.

हार्नेस कापणं

हार्नेस म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा जुडगा. तो कापण्याची चूक इतक्यांदा दिसते की आता चीड येते. भंगारवाला दारात उभा, त्याला बॉडी हवी, वायरिंग फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरात अडकलंय, कोणीतरी कटर आणतो. दोन मिनिटांचं काम. पुढची भरपाई कित्येक महिने चालते.

सुदामा नगरातल्या एका एमपीएफआय (फ्यूएल इंजेक्शनच्या) ओम्नीचं असंच झालं. हार्नेस रबराच्या अलीकडे कापला, नंतर रंग बघून जोडला. जोड सुबक होते, सोल्डर केलेले, वर हीट श्रिंक. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. कधी पकडलं तर दोन मिनिटांत बंद. आधी पेट्रोल पंप बदलला. मग क्रॅंक सेन्सर. मग जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणला, तोही तसाच वागला. शेवटी कारण सापडलं ते काळ्या टेपच्या गुंडाळीत: एक गोल टर्मिनल, मूळ गाडीत ते बॉडीला बोल्टने लागलेलं होतं. ते ईसीएमचं अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट. बॉडी भंगारात गेली, बोल्ट तिच्याबरोबर गेला आणि टर्मिनल ‘जास्तीची वायर’ म्हणून टेपमध्ये गुंडाळलं गेलं. ईसीएम दुसऱ्याच कुठल्यातरी वाटेने, अर्धवट अर्थ ओढत होता.

असा दोष मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीच्या ‘बीप’वर सापडत नाही. तांब्याचा एक तंतू उरला तरी बीप येतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनला, आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा.

कामाची पद्धत साधी आहे. हार्नेस मागच्या दिव्यांपासून सोडवत पुढे यायचं. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही अंगांना कागदाची चिठ्ठी, वरून पारदर्शक टेप. नुसत्या मास्किंग टेपवर मार्करने लिहिलेलं ऑइल लागलं की पुसतं. प्रत्येक अर्थ पॉइंटचा वेगळा फोटो, जागेसकट. रबर निघत नसेल तर रबर कापा, वायर नाही. मग अख्खा हार्नेस, नको असलेल्या वायपरसकट, नव्या चासीवर पसरून इंजिन चालू करायचं. ते नीट चाललं की नंतरच छाटणी, आणि तीही पूर्ण फांदी फ्यूज बॉक्सपर्यंत मागे नेऊन. ‘आधी फालतू वायरी काढून टाकू’ म्हणणाऱ्यांना फालतू कोणती हे नक्की कोण सांगतं, देव जाणे.

एक लक्षात असू द्या, फायबरच्या बॉडीतून अर्थ मिळत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थ वायर लागते. आणि इंजिन ते चासी जाड पट्टी विसरलात तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून परत जायला बघतो. केबल तापून आतलं प्लास्टिक वितळतं.

चासी एका बाजूने वेल्ड करत जाणं

दुसरी लाडकी चूक. चासीसाठी बहुतेक जण २५ × २५ चा चौकोनी पाईप घेतात, १.६ किंवा २ मिमी जाडीचा. तो ठीक आहे. कापलेले तुकडे बरोबर असतात, ड्रॉइंग बरोबर असतं, तरी चासी पिळलेली निघते. याचं कारण वेल्डिंगचा क्रम. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि पाईप आपल्याकडे ओढतो. डावीकडचे सगळे जोड आधी भरले की सगळी ओढ डावीकडे.

सांवेर रोडच्या एका शेडमध्ये गेट-ग्रिल करणाऱ्या कारागिराला चासी दिली होती. हात चांगला, वेल्ड बघण्यासारखे. पण गेट सपाट असतं, थोडं वाकलं तर बिजागरी सरकवून भागतं. त्याने खालची चौकट एका टोकापासून सुरू करून सलग भरली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘हो जाएगा भिया.’ झालं असं की पुढचा उजवा कोपरा १४ मिमी वर उचलला गेला. कुणी मोजलं नाही. सस्पेंशन चढलं, गाडी चाकांवर आली, आणि ती उजवीकडे वळताना एक वागायची, डावीकडे वळताना दुसरंच. स्प्रिंगखाली वॉशर घातले, शॉकअप बदलले, अलाइनमेंट दोनदा झालं. प्रत्येक चाकाखालचं वजन मोजल्यावर कळलं की पुढचं एक चाक जवळपास नावालाच टेकलंय. उपाय एकच उरला होता, पुढचा भाग कापून पुन्हा जोडणं.

आधी टेबल करा. दोन जाड चॅनेल, त्यावर आडव्या पट्ट्या, आणि पायांना बोल्ट म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. अंगणातल्या फरशीवर भरवसा ठेवू नका. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जूनमध्ये लेव्हल असलेली फरशी ऑगस्टमध्ये लेव्हल असेलच असं नाही. टेबलाची लेव्हल गवंड्याच्या पाण्याच्या नळीने काढा. पारदर्शक नळी, पाण्यात चिमूटभर नीळ म्हणजे रेघ स्पष्ट दिसते, आतला हवेचा बुडबुडा मात्र पूर्ण काढायचा, नाहीतर नळी खोटं सांगते. फूटभराच्या स्पिरिट लेव्हलपेक्षा मोठ्या टेबलावर ही नळी जास्त खरी.

मग आख्खी चासी फक्त टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर, उभी करा. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत असेल तरच पुढे. सीओटू वेल्डिंगला ०.८ ची वायर. एका वेळी २५-३० मिमी भरा, मग तिरकस समोरच्या कोपऱ्यात जा. पाईपला हात लावता येईपर्यंत त्या कोपऱ्यात परत यायचं नाही. हे कंटाळवाणं आहे, मान्य. ज्याला कंटाळा सोसत नाही त्याने तयार गाडी विकत घ्यावी.

आणि सगळे ब्रॅकेट वेल्ड होईपर्यंत पावडर कोटिंग नाही. पेडल बॉक्स, सीट, बेल्टचे पॉइंट, बॅटरी ट्रे, हँडब्रेकच्या केबलचा आधार, काहीतरी हमखास राहिलेलं असतं.

स्टिअरिंग रॅक ‘जिथे बसेल तिथे’

स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणाऱ्या रॅकच्या उंचीत दहा मिमीचा फरक पडला तरी खड्ड्यात चाक वर जाताना टायरॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) त्याला आत किंवा बाहेर ढकलतो. हात स्थिर असतो, गाडी मात्र स्वतःच वळते. लोक टायरला दोष देतात. तपासायचं असं: स्प्रिंग काढा, रॅक मध्यावर बांधा, जॅकने चाक २० मिमीच्या टप्प्यांनी वर-खाली करा आणि दर टप्प्याला हबवर बांधलेल्या सरळ पट्टीच्या पुढच्या-मागच्या टोकाचं चासीपासूनचं अंतर मोजा. टप्प्यामागे एक मिमीपेक्षा जास्त फरक आला तर रॅकखाली पत्र्याचे शिम घालून उंची बदलत जा. म्हणून रॅकचे माउंट शेवटपर्यंत टाक्यावरच ठेवावेत.

रॅक अ‍ॅक्सलच्या मागून पुढे आणलात आणि नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) हातही पुढे फिरवलेत, पण रॅक उलटा केला नाहीत, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे जातात. हसू नका, शेवटच्या दिवशी लक्षात येण्यासारखी ही चूक आहे. रिकाम्या चासीवर एकदा हाताने फिरवून पाहायला काय जातं?

ब्रेक

एसीवाल्याकडची तांब्याची नळी ब्रेकला लावू नका. वाकते छान, चमकते छान, आणि कंपनाने कडक होऊन तडकते. जोरात पाय दाबला की लाइनमध्ये ७०-८० बारच्याही वर दाब जाऊ शकतो. ४.७५ मिमीची स्टीलची ब्रेक लाइनच घ्या, टोकांना डबल फ्लेअर. सिंगल फ्लेअर आज गळणार नाही, सहा महिन्यांनी गळेल.

ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर जागा खातो म्हणून काढून टाकायची हौस असेल तर पेडलचं लिव्हर-गुणोत्तर बदलायला हवं, साधारण सहास एकच्या आसपास. नाहीतर पाय गळून जाईल पण गाडी थांबायची नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम असा मूळ तोल ओम्नीच्या वजनासाठी होता. नव्या गाडीत वजन कमी आणि ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलजवळ. कोरड्या, मोकळ्या जागेवर ताशी तीसने ब्रेक मारून बाहेरून कुणालातरी पाहायला सांगा. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरेल. मागच्या लाइनचा प्रेशर व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

बाकीचं थोडक्यात

सस्पेंशनला सियागंजातले चकचकीत एसएसचे बोल्ट लावू नका. साध्या ए२-७० एसएसची यील्ड, म्हणजे कायमचं ताणलं जाण्याआधीची ताकद, ४५० मेगापास्कल, ८.८ ग्रेडच्या स्टीलची ६४०. डोक्यावर ८.८ कोरलेलं बघूनच घ्या आणि नायलॉक नट एकदाच वापरा.

जॉइंट शाफ्ट कापून आखूड केलात तर लेथवर सरळ करून बॅलन्स करून घ्या. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

एमपीएफआयच्या लाइनला कार्ब्युरेटरची रबर नळी चालत नाही, तिथे तीन बारच्या आसपास दाब असतो.

रेडिएटर खाली बसला की पाण्याची बाटली इंजिनपेक्षा वर न्या. मे महिन्यात चाळीस अंशांत पाण्याच्या लाइनमध्ये एअर लॉक झालं तर हेड गॅस्केट उडायला कुणाची वाट बघत नाही.

फायबरच्या कामात कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. हार्डनर उन्हाळ्यात एक टक्का, थंडीत दोनपर्यंत. भर पावसात फायबरचं काम काढूच नये, पृष्ठभाग चिकट राहतो.

‘आधी बांधू, नंबरचं नंतर बघू’

नंबर मिळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओम्नीची एमपी-०९ पाटी नव्या गाडीला लावणं म्हणजे तर सरळ संकट. पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, ‘तिथून पास करून आणू’ असं बोलणारे भेटतात. ती तपासणी उत्पादकांच्या मॉडेलसाठी असते. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती गाडीची तपासणी करून नंबर देतात, त्या व्हिडिओंवरून इथले हिशेब करू नका. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीत, गाडी काढायचं स्वप्न असेल तर ते आजच सोडा.

ओम्नी कापल्यावर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी जमा करा. बॉडी भंगारात देण्याआधी चासी नंबरचा तुकडा कापून स्वतःकडे ठेवा, कागद रद्द करताना लागतो.

गाडी चालणार ती शेतात, खासगी आवारात किंवा ट्रॅकवर, आणि तिथवर जाणार पिकअपवर चढून. त्यासाठी पुढे-मागे ओढायचे हुक चासीला हवेत. ते बॉडी चढवण्याआधी वेल्ड करा, नंतर फायबर कापावं लागतं.