स्लाइडच्या आधी वय बघा

हिमॅटॉलॉजीच्या (रक्तविकारांच्या) पोस्टिंगला नव्याने येणाऱ्या रेसिडेंट्सना मी एकच सवय लावून घ्यायला सांगते. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचा, म्हणजे हाडांतल्या मॅरोत (अस्थिमज्जेत) रक्तपेशी बनणंच आटतं त्या आजाराचा, संशय असेल तर बोन मॅरोची बायॉप्सी मायक्रोस्कोपखाली घेण्याआधी फॉर्मवरचं वय वाचा. वयाबरोबर मॅरोतल्या पेशी घटतात आणि चरबी वाढते; १०० मधून वय वजा केलं की सेल्युलॅरिटीचा, म्हणजे मॅरोचे किती टक्के पेशींनी भरलेले असावेत याचा, ढोबळ अंदाज येतो. ३० टक्के सेल्युलॅरिटी सत्तरीच्या आजोबांना चालून जाते, विशीतल्या मुलीला ती फारच कमी.

अप्लास्टिक अ‍ॅनिमिया मुळात दुर्मिळ. युरोपात वर्षाला दहा लाखांमागे साधारण २ रुग्ण, आशियात त्याच्या दुप्पट-तिप्पट. तो दोन वयोगटांत जास्त दिसतो: १० ते २५, आणि साठीनंतर. बहुतेकांत स्वतःच्याच टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मॅरोतल्या मूळपेशींवर उलटलेल्या असतात, पण कशामुळे उलटल्या ते सहसा सापडत नाही. तरीही खोदून विचारा. मागच्या काही महिन्यांत कावीळ झाली होती का? कामावर बेंझिन असलेल्या सॉल्व्हंटशी संबंध? ‘औषध चालू आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं; घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा.

रक्तातल्या तिन्ही पेशी (तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट) कमी म्हणजे अप्लास्टिकच, असंही धरून चालू नका. आपल्याकडे बी-१२ची कमतरता कितीतरी जास्त, आणि तिच्यात मॅरो भरगच्च असतो.

रुग्ण लहान किंवा तरुण असेल तर अंगठे, उंची, कातडीवरचे कॉफीच्या रंगाचे डाग नीट पाहा. काहीच दिसलं नाही तरी क्रोमोझोम ब्रेकेजची (क्रोमोझोम सहज तुटतात का, याची) तपासणी पाठवा. तिच्यात कळणारा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया जन्मजात आहे, आणि तो निसटला तर ट्रान्सप्लांटआधीचे नेहमीचे डोस त्या मुलाला झेपत नाहीत. घरात कुणाचे केस फार लवकर पिकले का, हेही विचारा. टेलोमिअरचे (क्रोमोझोमच्या टोकांचे) आनुवंशिक आजार असे कळतात. वयस्कर रुग्णात मात्र हायपोप्लास्टिक एमडीएस (मॅरोतल्या पेशी कमी आणि सदोष असलेला, कॅन्सरच्या गटातला आजार) आधी डोक्यात यायला हवा, म्हणून सायटोजेनेटिक्स (क्रोमोझोमची तपासणी) टाळू नका. पीएनएचसाठी (तांबड्या पेशी रक्तातच फुटण्याचा, अप्लास्टिकबरोबर आढळणारा आजार) फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तपासणारी चाचणी, कुठल्याही वयात करायचीच.

आणखी एक, जे वॉर्डात सगळ्यात जास्त चुकतं. आजार गंभीर, वय चाळिशीच्या आत आणि भाऊ किंवा बहीण एचएलएने (पेशींवरच्या ओळखखुणांनी) जुळणारी असेल, तर मॅरो ट्रान्सप्लांट हा पहिला पर्याय. पण घरचे मायेपोटी रक्त द्यायला धावतात. सख्ख्या नात्यातलं रक्त त्या रुग्णाला चढवू देऊ नका. त्याने पुढे दात्याचा मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. त्यांना रक्तपेढीत दुसऱ्यांसाठी रक्त द्यायला सांगा, कारण समजावा आणि भावंडांचं एचएलए टायपिंग त्याच आठवड्यात पाठवा.