व्हीलचेअरवर असाल तर बेडसोअर कसे टाळायचे

मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेली असेल तर बेडसोअरला, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडीला होणाऱ्या जखमेला, सगळ्यात जास्त जपा, कारण दुखतच नाही त्यामुळे कळत नाही, आणि कळतं तेव्हा आत खड्डा पडलेला असतो. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, नुसतं उचलून लगेच टेकलं तर फारसा उपयोग नाही. बेडवर साधारण दर २ तासांनी कूस बदला, रात्री पण, मोबाईलला अलार्म लावा.

रोज आरशात माकडहाड, बैठक, घोटे, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर तिथे भार टाकू नका, डॉक्टरला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही हो, मग गरम किंवा कडक लागतंय का ते चाचपा. घरचे प्रेमाने तेल चोळायला येतात, डागावर अजिबात चोळू द्यायचं नाही. मेडिकलमधली हवेची गोल रिंग पण नको, तिच्या कडेने दाब वाढतो. पैसे चांगल्या कुशनवर घाला. पुण्यातल्या पावसाळ्यात कपडे धड वाळत नाहीत, दमट चड्डी घालू नका.

बेडसोअरखेरीज अजून एक धोका लक्षात ठेवा: मणक्याची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि अचानक डोकं ठणकून चेहऱ्यावर घाम फुटला तर बीपी भडकलेलं असू शकतं. आधी सरळ बसवा, कपडे सैल करा, लघवीच्या कॅथेटरची नळी मुडपलीय का बघा. फरक पडला नाही तर १०८ ला फोन करा, ससून नाहीतर जवळचं जे असेल ते हॉस्पिटल गाठा.