दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर पुण्यात? या चुका टाळा

शाळा गावची, पण अर्धे पोट्टे पुण्यात नोकरीला, म्हणून गेट-टुगेदरही तिकडंच. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडची मंडळी ट्रॅव्हल्सचं तिकीट महिनाभर आधी काढतात आणि शहराची चौकशी मात्र 'उतरल्यावर पाहू'वर सोडतात. दरवेळी त्याच चुका, दरवेळी तीच धावाधाव.

पत्ता म्हणजे नुसतं 'वडगाव'

ग्रुपवर हॉलचं नाव येतं, खाली 'वडगाव, पुणे'. वडगावं आपल्याकडंही ढिगानं आहेत, पण इथं आपण लगेच विचारतो, कोणतं, कोणत्या तालुक्यातलं? पुण्याचं नाव आलं की तेवढंही सुचत नाही. वडगाव शेरी नगर रोडकडं, पिनकोड 411014. वडगाव बुद्रुक सिंहगड रोडला, 411041. तिसरं वडगाव मावळ, पार लोणावळ्याच्या वाटेवर, 412106.

मग होतं असं. हॉल बुद्रुकला. खराडीतला मावसभाऊ फोनवर सांगतो, "वडगाव ना? आमच्या बाजूलाच." त्याचंही चुकत नाही, त्याला शेरीच ठाऊक. गडी पहाटे खराडी बायपासला उतरतो, भावाकडं आंघोळ-चहा उरकतो, नऊ वाजता शेरीत हॉल शोधत फिरतो. ग्रुपवर लोकेशन मागतो तेव्हा कळतं की अख्खं शहर ओलांडायचंय, आणि तोवर नगर रोड तुंबलेला. सरांचा सत्कार आटोपतो, फोटो निघतो. हा पोहोचतो थेट पंगतीला.

पिनकोड मागा, आणि तोही लिहून. 14 आणि 41 फोनवर ऐकताना हमखास उलटे होतात. लोकेशन हॉल ठरवणाऱ्याकडूनच घ्या. ग्रुपवर चौथ्या माणसानं पुढं ढकललेलं नको. बुद्रुकलाच जायचं असेल तर खराडी बायपासहून रिक्षानं रामवाडी, तिथून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशन, तिथंच खाली जमिनीखालच्या मार्गावर जाऊन स्वारगेटची गाडी, आणि पुढं सिंहगड रोडची पीएमपी बस.

क्लिनरच्या भरवशावर झोपणं

तिकिटावर 'पुणे' असतं. पुणे कुठलं, ते तुम्हीच ठरवायचं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅव्हल्स नगर रोडनं शिरतात: शिक्रापूर, वाघोली, खराडी, येरवडा, संगमवाडी. काही पुढं निगडीपर्यंत जातात. क्लिनर एकदाच ओरडतो, तेही पहाटेच्या साखरझोपेत. शिक्रापूर आलं की उठून चपला घालायच्या, बॅग मांडीवर घ्यायची. उतरायचा थांबा गाडीत बसतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा.

पंधरा वर्षांपूर्वीच्या पुण्याची माहिती

'शिवाजीनगर स्टँड रेल्वे स्टेशनला लागूनच' हे सांगणारा काका प्रत्येक घरात आहे. मेट्रोच्या कामामुळं तो एसटी स्टँड 2019 च्या डिसेंबरअखेरीस तिथून वाकडेवाडीला हलवला. आणि वाकडेवाडी म्हणजे वाकड नव्हे. वाकड हिंजवडीच्या बाजूला आहे. रिक्षावाल्याला अर्धंच नाव सांगाल तर चांगलाच फेरा पडेल.

नकाशा गाडीत बसल्यावर उघडणं

घाटात रेंज जाते, मग फोन हलवून काय उपयोग? घरीच वायफायवर गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारा, 'ऑफलाइन नकाशे' निवडा, पुण्याचा चौकोन उतरवून घ्या. मात्र नेट नसताना हा नकाशा गाडीचाच रस्ता दाखवतो. पायी किंवा बसची वाट दाखवत नाही. म्हणून पत्ता, पिनकोड आणि दोन फोन नंबर वहीच्या पानावर लिहून खिशात ठेवा. या पानाला हसणाऱ्यांची बॅटरी दुपारी उतरते.

लॉज

गाडी पहाटे पोहोचते, पण बऱ्याच लॉजमध्ये खोली मिळते दुपारी बाराला. लवकर खोली मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मूळ आधार कार्ड सोबत असू द्या, मोबाईलमधल्या फोटोवर काही जण अडवतात.

हात दाखवून बस थांबवणं

काळीपिवळी थांबते, पीएमपी थांबत नाही. थांब्यावरच उभं राहा.

दिवाळीची उलटी गर्दी

दिवाळीआधी पुण्याहून विदर्भाकडं येणाऱ्या गाड्या भरतात आणि भाऊबीज झाली की पुण्याकडं जाणाऱ्या. गेट-टुगेदर नेमकं त्यानंतरच्या रविवारी ठेवलं की ट्रॅव्हल्सवाले म्हणतील तो भाव. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा बडनेऱ्याहून तिकीट काढून टाका. राहिलंच तर तत्काळ, निघायच्या आदल्या दिवशी: एसी सकाळी 10 ला, स्लीपर 11 ला.