किडनीच्या अँटीबॉडी टेस्ट : या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कलेक्शन सेंटरवर रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला : "एएनए पॉझिटिव्ह आलाय, म्हंजे ल्युपसच न्हवं का?" तसं नसतं. एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट, आणि ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा एक आजार. १:१६० या पातळीला (म्हणजे रक्तातला द्रव १६० पट पातळ करून तपासला तरी) धडधाकट माणसांपैकीही साधारण ५ टक्के लोकांचा एएनए पॉझिटिव्ह येतो, आणि १:४० ला तर ३० टक्क्यांच्या आसपास. लघवीत प्रोटीन किंवा रक्त आहे का, डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची) अँटीबॉडी वाढली आहे का, सी३-सी४ ही रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं खाली आलीत का, हे सगळं एकत्र बघून डॉक्टर ठरवतात. नुसत्या एएनएवर रडारड नको.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. एएनए निगेटिव्ह आला, म्हणून फाइल कपाटात जाते. एएनए फक्त पेशीच्या केंद्रकाशी संबंधित अँटीबॉडी दाखवतो, आणि किडनीवर हल्ला करणाऱ्या कितीतरी अँटीबॉडींचं लक्ष्य दुसरीकडेच असतं. अँका या अँटीबॉडीचं लक्ष्य पांढऱ्या पेशींमधली पीआर३ आणि एमपीओ ही प्रथिनं. त्या पेशी चवताळतात आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या फाडतात. अँटी-जीबीएम या दुसऱ्या अँटीबॉडीचं लक्ष्य किडनीच्या गाळणीच्या पडद्यातलं कोलॅजन. तेच कोलॅजन फुफ्फुसातही असतं, म्हणून काहींना खोकल्यातून रक्त पडतं आणि घरचे टीबी समजून बसतात. या प्रत्येकाची टेस्ट वेगळी. चिठ्ठीवर नेमकी कोणती लिहिली आहे ते वाचा. "अँटीबॉडीची टेस्ट करा" एवढंच सांगून काउंटरवर कुणालाच काही कळत नाही.

लघवी लालसर-काळपट, कमी होत चाललेली आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) दोन-चार दिवसांत चढतंय, अशा वेळी "रिपोर्ट येऊ दे, मग बघू" म्हणत गावाकडे जाऊ नका. अँकाचं, जीबीएमचं सॅम्पल बऱ्याचदा बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातं, त्यात दिवस मोडतात. तेवढ्यात किडनी कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टर कधी कधी रिपोर्टच्या आधीच स्टेरॉइड सुरू करतात किंवा प्लाझ्मा, म्हणजे अँटीबॉडी असलेला रक्तातला द्रव, बदलायला घेतात. ती घाई बरोबर आहे.

आता पीएलए२आर. हे किडनीच्या गाळणीतल्या पेशींवरचं एक प्रथिन, आणि त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट याच नावानं ओळखतात. चेहरा, पाय सुजलेत, लघवीला फेस येतोय आणि निदान मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (गाळणीचा पडदा जाड होऊन प्रोटीन गळण्याचा आजार), तर ही टेस्ट सांगतातच. अँटीबॉडीचं हे लक्ष्य २००९ मध्ये सापडलं. दुसरं कारण नसलेल्या मेम्ब्रेनसच्या साधारण ७० टक्के पेशंटमध्ये ही अँटीबॉडी मिळते. एलायझा या मोजणीच्या पद्धतीच्या नेहमीच्या किटवर १४ च्या खाली निगेटिव्ह, १४ ते २० सीमेवर, २० च्या वर पॉझिटिव्ह. गोंधळ होतो तो पुढे. समजा, आकडा १८० वरून ६० वर आला, पण लघवीतलं प्रोटीन तसंच आहे. घरात लगेच सुरू, "औषध लागू पडेना, डॉक्टर बदलूया." थांबा. आधी अँटीबॉडी उतरते, गाळणी दुरुस्त व्हायला आणि प्रोटीन कमी व्हायला पुढे कित्येक महिने लागतात. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीची टेस्ट करा. एकीकडे एलायझा आणि दुसरीकडे वेगळीच पद्धत, मग ते दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार?

बायोप्सीला, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला, नाही म्हणणं, ही तर आपल्याकडची जुनीच खोड. सुई मारली म्हणून किडनी कामातून जात नाही. रक्तस्त्रावाचा थोडा धोका असतो, म्हणूनच आधी बीपी आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. पीएलए२आर स्पष्ट पॉझिटिव्ह आणि किडनीचं काम चांगलं असेल, तर काही वेळा बायोप्सी टळते. ल्युपसमध्ये मात्र आजार कोणत्या वर्गातला हे बायोप्सीशिवाय कळत नाही, आणि औषध त्यावरच ठरतं.

चोवीस तासांच्या लघवीत सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली डब्यात धरायची. निम्मे लोक दोन्ही भरून आणतात. स्टेरॉइडनं तोंड सुजलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. तांबडा-पांढरा रस्सा कधीमधी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. मिठामुळे माझा राग लोणचं, पापड आणि मिसळीवरच्या फरसाणावर आहे.

शेवटची चूक डॉक्टरांपासून लपवली जाते. मेम्ब्रेनसचाच एक प्रकार नेल-१ या दुसऱ्या प्रथिनाशी, म्हणजे अँटीबॉडीच्या वेगळ्या लक्ष्याशी, जोडलेला आहे आणि त्यात बऱ्याचदा पारा सापडतो, कधी भस्म-पुडीतून, कधी गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममधून. केरळातल्या डॉक्टरांना क्रीमवाले असे बरेच पेशंट सापडले. याचं कारण दरवेळी पाराच असतं असं नाही, कॅन्सरही शोधावा लागतो. पण पारा बंद केल्यावर बरेच जण सुधारतात. त्यामुळे पुढच्या व्हिजिटला ती पुडी आणि क्रीमची डबी, दोन्ही पिशवीत घालून घेऊन जा.