पूर आणि गढूळ पाणी: नैसर्गिक जलधारणेची कामे करताना या चुका टाळा

माती, झाडोरा, पाणथळ जागा आणि पूरमैदाने (पुराचे पाणी पसरते ती नदीकाठची सपाट जमीन) यांच्या आधाराने पाणी रोखण्याची कामे मनापासून केली जातात, तरीही पहिल्याच मोठ्या पावसात अनेकदा निराशा पदरी येते. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: किती पाणी साठेल याचा हिशेब मांडला जातो, पण ते केव्हा येईल, किती काळ थांबेल आणि पुढच्या सरीआधी जागा रिकामी होईल का, याचा मांडला जात नाही.

पुरासाठी बांधलेले तळे काठोकाठ भरून ठेवणे ही त्यातली सर्रास होणारी चूक आहे. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० घनमीटर पाणी कोसळते. त्यातले जे वाहून येईल, त्याला सामावण्यासाठी रिकामी जागा हवी. भरलेले तळे ते पाणी फारसे न रोखता सांडव्यावरून पुढे लोटते. पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी कायम पाणी हवे असेल, तर तळाशी कायमचा साठा ठेवावा आणि त्याच्या वरच्या पातळीला एक लहान मोरी द्यावी, म्हणजे पुरासाठी राखलेली जागा हळूहळू पुन्हा मोकळी होते.

दुसरी चूक नकाशावर दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. खालच्या भागातील एखाद्या ओढ्याचे पाणी मुख्य नदीचा पूर पोहोचण्याआधीच निघून जात असेल आणि आपण ते काही तास अडवून धरले, तर ते नेमके नदीच्या पुराच्या माथ्यावर जाऊन पडू शकते. म्हणून जागा निवडण्यापूर्वी दोन्ही प्रवाहांच्या पुराच्या वेळा ताडून पाहाव्यात. अशी कामे वरच्या भागातील अनेक लहान ओढ्यांवर विखुरलेली असणे सहसा अधिक हिताचे ठरते.

मातीकडे होणारे दुर्लक्ष मात्र मला सर्वांत जास्त खटकते, कारण पाणी मुरवण्याची सर्वांत मोठी जागा तीच आहे. वाफसा येण्याआधी जड यंत्रे शेतात घातली की नांगरटीच्या खाली घट्ट थर तयार होतो आणि मग वर कितीही चर खोदले तरी पाणी आत उतरत नाही. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फावड्याने हातभर खोल मातीचा अखंड तुकडा काढून हाताने उकलावा. मुळे सरळ खाली न जाता एका पातळीवर आडवी वळलेली असतील आणि त्या जागी माती पापुद्र्यांसारखी सुटत असेल, तर घट्ट थर सापडला असे समजावे. तो कोरड्या स्थितीत एकदा फोडणे आणि नंतर खोल मुळांची पिके व जमिनीवर कायम आच्छादन ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे. नुसता थर फोडून पुन्हा ओल्या जमिनीवर यंत्रे फिरवली, तर तो परत बसतो.

ओढ्यात लाकडी ओंडक्यांचे अडथळे घालताना ते तळाला टेकवू नयेत. नेहमीचा प्रवाह आणि मासे खालून जावेत, आणि पुराचे पाणीच तेवढे अडून काठांवर पसरावे, अशी त्यांची रचना असते. ओंडके पात्राच्या रुंदीपेक्षा बरेच लांब आणि काठांत घट्ट रुतवलेले असावेत. सुटलेला ओंडका खालच्या पुलाच्या गाळ्यात अडकला, तर जो पूर टाळायचा होता तोच ओढवतो.

पाण्याच्या शुद्धतेबाबत सर्व प्रदूषके एकाच मापाने मोजली जातात, तेही चुकीचे आहे. नायट्रेट कमी होण्यासाठी पाणथळ जागेत प्राणवायूचा अभाव, सेंद्रिय पदार्थ आणि पाणी थांबण्याचा पुरेसा अवधी लागतो. फॉस्फरस मात्र मुख्यतः गाळाला चिकटून खाली बसतो आणि प्राणवायू संपला की त्याच गाळातून पुन्हा सुटू शकतो. वर्षानुवर्षे खते घातलेल्या शेतावर पाणथळ जागा उभारली, तर सुरुवातीला तिथून फॉस्फरस बाहेर पडण्याची शक्यता असते. म्हणून आधी माती तपासावी. शेतातून येणारा गाळ अडवण्यासाठी ओढ्याकाठी राखलेल्या गवतपट्ट्यांबाबतही आधी तपासणी हवी: पाणी एखाद्या घळीतून एकवटून किंवा जमिनीखालच्या निचरा-नळ्यांतून थेट ओढ्यात जात असेल, तर पट्टा कितीही रुंद असला तरी उपयोग नाही. मुसळधार पाऊस चालू असतानाच शेतात फिरून पाण्याच्या वाटा पाहाव्यात.

सरळ केलेली नदी पुन्हा वळणदार करणे खर्चिक असते, हेही ध्यानात असू द्यावे. फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात पूरनियंत्रणासाठी कालव्यात बदलली गेली. तिच्या काही भागाच्या पुनरुज्जीवनाचे बांधकाम १९९९ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये संपले. शाबूत असलेले पूरमैदान राखणे हाच स्वस्त मार्ग आहे.

लहान आणि मध्यम पुरांवर या उपायांचा परिणाम स्पष्ट दिसतो. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असताना आलेल्या महापुरात तो बराच घटतो. म्हणून वस्तीचे संरक्षण केवळ त्यांच्यावर सोपवू नये. काम सुरू होण्याआधीच किमान एका पावसाळी हंगामाच्या पाण्याच्या पातळीच्या आणि गढूळपणाच्या नोंदी घ्याव्यात. गाळ कोण काढणार, मोरी कोण मोकळी करणार आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे त्याच वेळी लेखी ठरवावे.