मड लॉगर व्हायचंय? आधी डोक्यातलं तेलाचं तळं काढा

भूशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं विचारतात, तेलक्षेत्रात यायचं तर आधी काय वाचू? मी म्हणतो, आधी डोक्यातलं तळं काढा. जमिनीखाली तेल साठतं ते दगडाच्या बारीक छिद्रांत, भिजलेल्या विटेत पाणी मुरतं तसं.

माझी पहिली नोकरी मड लॉगरची: विहीर खोदताना ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर (मड) वर येणारा खडकाचा चुरा तपासून नोंदी ठेवायच्या. जुहूहून हेलिकॉप्टरनं मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, बारा तासांची पाळी. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या रिगनं इथे तेल शोधलं, एवढं पाठ होतं. केरोजेन, म्हणजे तेलाचा कच्चा माल, हेही पाठ होतं: चिखलात गाडलेले जीव ऑक्सिजनअभावी पुरते कुजत नाहीत, वर थर चढतात, किलोमीटरमागे 25-30 अंश उष्णता वाढते, साधारण 60 ते 120 अंशांत तेल सुटतं, त्याहून तापलं की गॅस. हे परीक्षेत सगळेच लिहितात. रिगवर विचारतात ते पुढचं. तेल तिथून निघालं कसं आणि थांबलं कुठे? इथे ते खालच्या पन्ना नावाच्या थरांतल्या शेलमध्ये (चिखलाचा घट्ट झालेला खडक) शिजलं, वर सरकून मायोसीन काळातल्या चुनखडीत मुरलं आणि वरच्या शेलच्या झाकणाखाली अडकलं. असा झाकणाचा सापळा आधी तयार नसेल तर तेल निसटतं.

तिसऱ्याच रात्री शेकरवरचा (मडमधून चुरा वेगळा करणारी चाळणी) चुरा धुऊन यूव्ही पेटीत धरला, त्या प्रकाशात तेल चमकतं, तर तुकडे लखलखले. मी लगेच ‘ऑइल शो’, म्हणजे तेलाची खूण, लिहून मोकळा! सीनियर साहेब काही बोलले नाहीत, फक्त सुई पुढे केली. तुकडा फोडला तर आत काळोख. चमकत होतं ते पाइपच्या जोडांना लावायचं ग्रीस. वर आणखी, तो चुरा त्या क्षणी खोदत होतो त्या खोलीचा नव्हताच. मडबरोबर वर यायला त्याला वेळ लागतो, आणि तो हिशेब मी केलाच नव्हता. नोंद खोडली. माझ्या वहीत ती खाडाखोड अजून आहे.

आपण बेसाल्टवर वाढलेली माणसं. सह्याद्रीत हिंडून चुनखडी फारशी हाताला लागत नाही. (मुंबई हायच्या आसपास तळाशीही डेक्कन ट्रॅप, म्हणजे हाच बेसाल्ट, आहेच, पण तेल त्यात जन्मत नाही.) म्हणून चुनखडी बघायला कच्छची फील्ड ट्रिप चुकवू नका. गेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी करा, सरकारी तेल कंपन्यांनी अनेकदा तो स्कोअर बघून भरती केली आहे. आणि विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली हाताशी ठेवा: चुनखडीवर थेंब टाकला की फसफस लगेच होते, डोलोमाइट या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खडकावर जरा थांबावं लागतं.